डिस्क शेवटची कुणाला दिसली?

आजची तक्रार एका ओळीत सांगता येते. एका मशीनवर (होस्टवर) हायपरव्हायजर (आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, त्यात ट्रूनॅससारखी डिस्कचा साठा सांभाळणारी (नॅसची) एक व्हीएम (आभासी संगणक) आहे, डिस्क जोडायचा स्टोरेज कंट्रोलर पासथ्रू करून, म्हणजे होस्टला वगळून थेट, त्या व्हीएमला दिलाय, आणि व्हीएमच्या स्टोरेजच्या पानावर आठपैकी एकही डिस्क नाही. किंवा त्याहून चिडचिड करायला लावणारं म्हणजे, आठपैकी सहाच आहेत.

अशा वेळी बहुतेकांचा हात लगेच त्या पानाकडे जातो. रिफ्रेश करून बघायचं, व्हीएम पुन्हा सुरू करायची, एखादं अपडेट टाकायचं, आणि शेवटी व्हीएमच पुसून नव्याने उभी करायची. माझं म्हणणं आहे की नॅसच्या सॉफ्टवेअरला हात लावायची वेळ सगळ्यात शेवटी येते. डिस्कपासून त्या पानापर्यंत वाटेत वीज आहे, केबल आहे, बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात तो बोर्ड) आहे, कंट्रोलरची चिप आणि तिचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) आहे, पीसीआय-ईचा स्लॉट (कार्ड बसवायची जागा), बायॉस, होस्टचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), आयओएमएमयू (डिव्हाइस आणि मेमरी यांच्यातला पहारेकरी), व्हीएमचा आभासी मदरबोर्ड, आणि मग कुठे व्हीएमच्या आतला ड्रायव्हर. यातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: तुला डिस्क दिसतेय का? ज्याला ती शेवटची दिसली, त्याच्या लगेच वरच्या पायरीवर बिघाड असतो.

ही वाट मधोमध तोडायची एक सोपी युक्ती आहे. व्हीएम बंद करा, पासथ्रूची बांधणी तात्पुरती काढा आणि कंट्रोलरचं कार्ड होस्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरला घेऊ द्या. एलएसआय कंपनीच्या एसएएस (सर्व्हरमधल्या डिस्क जोडायची पद्धत) २००८, २३०८ किंवा ३००८ चिपची कार्डं असतील, तर लिनक्सवर तो ड्रायव्हर एमपीटी३सास. आता होस्टवर डिस्कची यादी काढा. आठच्या आठ दिसल्या, तर वीज, केबल, चिप, स्लॉट या साऱ्यांची एका फटक्यात सुटका झाली. सहाच दिसल्या, तर व्हर्च्युअलायझेशनचा यात काडीचा संबंध नाही. स्क्रू ड्रायव्हर काढा. फक्त ही चाचणी करताना होस्टने त्या डिस्कवरचा पूल (झेडएफएस या फाइलसिस्टिमने डिस्क एकत्र करून बनवलेला साठा) इम्पोर्ट करता, म्हणजे वापरात घेता, कामा नये. त्याकडे पुढे येतोच.

उलट बाजूनं एक गैरसमज नेहमी भेटतो. पासथ्रू नीट लागल्यावर होस्टवर डिस्क दिसेनाशा झाल्या की लोक घाबरतात. अहो, तसंच व्हायला हवं. कार्ड आता व्हीएफआयओ-पीसीआय या, व्हीएमसाठी डिव्हाइस राखून ठेवणाऱ्या ड्रायव्हरकडे आहे. होस्टवर एलएसपीसीआय या आज्ञेला ड्रायव्हरसकट यादी मागितली आणि तुमच्या कार्डापुढे व्हीएफआयओ-पीसीआय लिहून आलं, म्हणजे होस्टने आपलं काम केलं.

आधी तळाची गोष्ट, कारण तिथे वेळ फार जातो आणि तिच्याबद्दल बोललं फार कमी जातं. एका टोकाला एसएफएफ-८०८७ जातीचा एक कनेक्टर आणि दुसऱ्या टोकाला चार साटा (साध्या डिस्कचे) कनेक्टर, अशी केबल सगळ्यांनी पाहिली असेल. या केबलचे दोन प्रकार असतात, फॉरवर्ड आणि रिव्हर्स, आणि दिसायला दोन्ही तंतोतंत सारख्या. एचबीएकडून (डिस्क जोडायच्या कंट्रोलर कार्डाकडून) चार डिस्ककडे जायचं तर फॉरवर्ड लागते. मदरबोर्डच्या चार साटा पोर्टकडून बॅकप्लेनच्या एका कनेक्टरकडे जायचं तर रिव्हर्स. उलटी लावली तर काहीही जळत नाही, एरर येत नाही, फक्त डिस्क दिसत नाहीत. ज्यानं हे ऐकलेलं नाही, तो माणूस आठवडाभर कर्नलच्या लॉगमध्ये डोकं घालून बसू शकतो.

दुसरं, साटाच्या पॉवर कनेक्टरची तिसरी पिन. नव्या प्रमाणानुसार काही डिस्कमध्ये या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते. लांबून वीज तोडण्याची ती सोय आहे. जुन्या पद्धतीचा पॉवर सप्लाय त्या पिनवर सतत ३.३ व्होल्ट देतो, मग डिस्क फिरतच नाही. बाहेरच्या यूएसबी पेटीतून काढलेल्या मोठ्या डिस्कमध्ये हे हमखास सापडतं. डिस्कला हात लावून बघा, थरथर जाणवत नसेल तर आधी इथे बघा. पिनवर कॅप्टॉन टेप (वीज न वाहणारी टेप) लावली की काम होतं.

तिसरं, मोठ्या स्टोरेज ॲरेमधून निवृत्त झालेल्या एसएएस डिस्क. त्यांचा सेक्टर (डेटा लिहायचा सगळ्यात छोटा तुकडा) बऱ्याचदा ५२० बाइटचा असतो. कंट्रोलरला डिस्क दिसते, नावही कळतं, पण ऑपरेटिंग सिस्टिम ती वापरायला तयार होत नाही. तिला एसजी-फॉरमॅट या आज्ञेने ५१२ वर आणावं लागतं. त्याला बराच वेळ लागतो आणि तिच्यावरचं सारं पुसलं जातं. आणि कुणाकडे एसएएस १०६८ई चिपचं जुनं कार्ड असेल, तर ते साधारण दोन टेराबाइटच्या वर मोजतच नाही. ते काढून टाका, त्याच्यासाठी रात्र घालवू नका.

आता कार्ड. झेडएफएससाठी आयटी मोडचं फर्मवेअर हवं, म्हणजे कार्डाने रेड (अनेक डिस्कची मिळून एक डिस्क दाखवणं) वगैरे डोकं न लावता डिस्क जशीच्या तशी पुढे द्यायची. मेगारेड जातीच्या, रेड करणाऱ्या फर्मवेअरवर, जी डिस्क कुठल्या व्हॉल्यूममध्ये नाही आणि जेबॉड (सुटी डिस्क) म्हणूनही उघडी केलेली नाही, ती वर दिसतच नाही. कार्ड दिसतं, डिस्क नाहीत, आणि माणूस पासथ्रूला शिव्या देतो. एसएएस २००८ साठी फेज २० या मालिकेचं शेवटचं फर्मवेअर २०.००.०७.०० आहे. याच मालिकेच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांची कीर्ती चांगली नाही, त्यामुळे नुसतं 'फेज २० आहे' यावर समाधान मानू नका, पूर्ण आकडा वाचा. आयटी मोड टाकताना बरेच जण बूट रॉम (मशीन सुरू होताना चालणारा कार्डाचा छोटा प्रोग्राम) मुद्दाम वगळतात. मग मशीन सुरू होताना कार्डाची ती ओळखीची डिस्कची यादी येत नाही. कार्ड मेलेलं नसतं, ते फक्त बोलत नाही, आणि या कामासाठी ते न बोललेलंच बरं.

हे मी म्हणतो त्याचं कारण ऑप्शन रॉम, म्हणजे तोच बूट रॉम. व्हीएम सुरू होताना तिचा आभासी बायॉस त्या कार्डाचा रॉम चालवू पाहतो, आणि कधी कधी तिथेच अडकून बसतो. स्क्रीनवर लोगो, पुढे काही नाही. अशा वेळी व्हीएमच्या सेटिंगमध्ये त्या पीसीआय डिव्हाइसचा रॉम-बार बंद करायचा. डिस्क वापरायला रॉम लागत नाही, त्या कार्डावरून बूट करायचं असेल तरच लागतो.

मधल्या थराकडे येऊ. सगळ्यात वरचेवर होणारा घोटाळा म्हणजे बायॉसमध्ये इंटेलचं व्हीटी-एक्स चालू करून व्हीटी-डी बंद ठेवणं. पहिलं असलं की व्हीएम चालतात, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पासथ्रूला दुसरं, म्हणजे आयओएमएमयू, लागतं. एएमडीवर त्याचं नाव एएमडी-व्हीआय, आणि बायॉसमध्ये ते बहुधा आयओएमएमयू म्हणून भेटतं. त्यानंतर कर्नलचं पॅरामीटर, म्हणजे बूट होताना कर्नलला दिली जाणारी सूचना. इथे प्रॉक्समॉक्स हा हायपरव्हायजर वापरणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे: झेडएफएसवर आणि यूईएफआयने (नव्या पद्धतीच्या बायॉसने) बसवलेलं मशीन अनेकदा ग्रब या बूटलोडरने बूटच होत नाही, सिस्टिमडी-बूटने होतं. मग ग्रबची फाइल कितीही बदला, पॅरामीटर कर्नलपर्यंत जात नाही. म्हणून फाइलमध्ये काय लिहिलं ते बघत बसू नका. चालू कर्नलला प्रत्यक्षात काय मिळालं ते प्रॉक फोल्डरमधल्या सीएमडीलाइन फाइलमध्ये वाचा.

आयओएमएमयूचे ग्रुप हा पुढचा मुद्दा. एका ग्रुपमधली डिव्हाइसं एकमेकांपासून वेगळी ठेवण्याची हमी हार्डवेअर देत नाही, त्यामुळे ग्रुप एकत्रच द्यावा लागतो. स्लॉटमधलं एचबीए बहुतेक वेळा एकटं असतं, विशेषतः प्रोसेसरला थेट जोडलेल्या स्लॉटमध्ये. बोर्डावरचा साटा कंट्रोलर मात्र चिपसेटला (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपला) जोडलेल्या डिव्हाइसांच्या गर्दीत सापडतो, कधी नेटवर्क कार्डासोबत. तो दिला की होस्टचं नेटवर्क जातं. होस्टची बूट डिस्क त्याच कंट्रोलरवर असेल तर होस्टच जातो. एसीएस ओव्हरराइड नावाचं एक पॅरामीटर काही कर्नलमध्ये मिळतं, ते ग्रुप सुटे दाखवतं. दाखवतं असंच म्हणेन मी, कारण हार्डवेअरमधलं वेगळेपण त्याने वाढत नाही. ज्या डिस्कवर तुमचा जपून ठेवायचा डेटा आहे, तिथे मी ते वापरणार नाही. स्लॉट बदलून बघा, तो उपाय फुकट आहे.

ड्रायव्हरची ओढाताणही इथलीच. होस्ट बूट होताना एमपीटी३सास आधी कार्ड पकडतो. ते टाळायला व्हीएफआयओला कार्डाचा आयडी आधीच सांगून ठेवतात. एसएएस २००८ चा आयडी १०००:००७२. पण एकाच जातीची दोन कार्डं असतील आणि एक होस्टला हवं असेल, तर आयडी दोघांचा एकच, दोन्ही जातात. तिथे पीसीआय पत्त्यानं (कार्ड कुठे बसलंय त्यावरून) बांधावं लागतं. आणि पत्ताही कायमचा नसतो: एखादी एनव्हीएमई डिस्क (थेट पीसीआय-ईवर बसणारी एसएसडी) नवी घातली की ०१:०० चं ०२:०० होतं, आणि व्हीएमच्या कॉन्फिगमध्ये जुना पत्ता असतो. 'काही बदललं नाही हो, फक्त एक एनव्हीएमई टाकली' हे वाक्य ऐकलं की मी पहिल्यांदा पत्ता बघतो. दुसऱ्यांदा मदरबोर्डचं मॅन्युअल, कारण एनव्हीएमई बसते तो एम.२ स्लॉट भरला की एखादा स्लॉट किंवा दोन साटा पोर्ट बंद होणारे बोर्ड पुष्कळ आहेत.

मेमरीचं थोडक्यात. कार्ड व्हीएमच्या मेमरीत थेट लिहितं, त्यामुळे ती सगळी मेमरी जागेवर बांधून ठेवावी लागते. व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय हा हायपरव्हायजर तर पूर्ण मेमरी राखून ठेवल्याशिवाय व्हीएम सुरूच करत नाही. बलूनिंगचा (व्हीएमची मेमरी गरजेप्रमाणे कमीजास्त करण्याचा) विचार सोडा.

व्हीएमच्या आत आल्यावर एकच फरक करायचा: कार्ड दिसतं की नाही. दिसत नसेल तर परत खाली जा. कार्ड दिसतं, ड्रायव्हर लॉगमध्ये फर्मवेअरचा आकडाही छापतो, तर दोघांचं बोलणं झालेलं आहे. त्यानंतर फॉल्ट-स्टेट असा शब्द येत असेल, तर उष्णतेकडे बघा. ही कार्डं सर्व्हरमधल्या जोरदार हवेच्या भरवशावर बनवलेली आहेत. शांत डब्यात त्यांचं हीटसिंक हात ठेववणार नाही इतकं तापतं. पहिल्यांदा सगळं चालतं आणि व्हीएम रीस्टार्ट केली की डिस्क गायब, असं असेल तर कार्डाचं रीसेट नीट होत नाहीये. अख्खं मशीन बंद करून पुन्हा सुरू करून बघा.

हे सगळं नको म्हणून काही जण कंट्रोलर न देता एकेक डिस्क बाय-आयडीच्या (डिस्कच्या नावा-सिरियलवरून बनलेल्या) पत्त्याने व्हीएमला जोडतात. याला पासथ्रू म्हणायची पद्धत पडली आहे, पण व्हीएमला तिथे मिळते ती आभासी कंट्रोलरवरची आभासी डिस्क. तिचा सिरियल नंबर रिकामा असू शकतो, मग ट्रूनॅस पूल बनवताना कुरकुर करतं. सेटिंगमध्ये प्रत्येक डिस्कला सिरियल आपण द्यायचा. स्मार्टची (डिस्कच्या तब्येतीची) माहिती मात्र आत येतच नाही, ती होस्टवर बघावी लागते.

आणि याहून गंभीर गोष्ट अशी, की या पद्धतीत ती डिस्क होस्टलाही कायम दिसत राहते. डिस्क न दिसणं परवडलं. तिथे डेटा बिघडलेला नसतो, काम फक्त थांबलेलं असतं. पण एकच पूल होस्टने आणि व्हीएमने दोघांनी इम्पोर्ट केला, तर एकाच हिशेबाच्या वहीत दोघांनी एकमेकांना न सांगता नोंदी कराव्या तसं होतं, आणि झेडएफएसला ते दुरुस्त करता येत नाही. 'हा पूल दुसऱ्या सिस्टिमने वापरलेला आहे' असं झेडएफएस अडवतं तेव्हा जबरदस्तीचा पर्याय जोडणारे हात फार असतात. पूलवर मल्टिहोस्ट ही सोय चालू केली तर इम्पोर्टच्या आधी झेडएफएस दुसरं कुणी लिहितंय का ते तपासतं. कंट्रोलर पूर्ण दिला तरी होस्ट बूट झाल्यापासून व्हीएम सुरू होईपर्यंत एक फट राहते: तेवढ्यात होस्टने पूल इम्पोर्ट केला, आणि मग व्हीएमने पायाखालून कार्ड ओढून घेतलं. म्हणून कार्डाला पहिल्यापासून व्हीएफआयओकडे बांधायचं.

एवढं करूनही उत्तर मिळालं नाही, तर होस्ट बंद करून त्याच मशीनवर यूएसबीवरून थेट ट्रूनॅस बूट करा. हायपरव्हायजर वाटेतून पूर्ण बाजूला होतो. डिस्क दिसल्या तर दोष मधल्या थरात आहे आणि तुमचा डेटा सुखरूप असण्याची शक्यता मोठी आहे; घाई असेल तर पूल तिथेच इम्पोर्ट करून काम सुरूही करता येतं, कारण झेडएफएसची ओळखपत्रं डिस्कवरच लिहिलेली असतात. फक्त व्हीएमकडे परतण्याआधी पूल एक्सपोर्ट करा, म्हणजे रीतसर सोडून द्या.