वेशीवरच्या शिळा

गावात शिरणाऱ्या रस्त्याच्या कडेला, मारुतीच्या पाराशेजारी किंवा जुन्या शिवालयाच्या आवारात अर्ध्या जमिनीत गाडल्या गेलेल्या कोरीव शिळा महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळतात. राजांचे ताम्रपट आणि प्रशस्त्या दानांची व विजयांची वर्णने करतात. परंतु गावावर धाड आली तेव्हा कोण आडवा गेला आणि कोणत्या जमिनीवर कुणाचा हक्क मान्य झाला, हे जाणून घ्यायचे तर बहुतेक गावांत या शिळांवाचून दुसरे साधन उरलेले नाही.

त्यांपैकी सर्वांत जास्त संख्येने दिसतो तो वीरगळ, म्हणजे लढताना मरण पावलेल्या वीराचे स्मारक. तो खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई किंवा धारातीर्थी पडलेला वीर असतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत असतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य कोरलेले असतात. अनेक वीरगळांच्या तळाशी गाईगुरांची रांग दिसते. अशा ठिकाणी लढाई राज्यासाठी झालेली नसून गावचे गोधन पळवून नेणाऱ्यांशी झालेली असते. गुरे गेली तर शेती बुडते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनीच त्या मृत्यूची नोंद दगडावर करून घेतली, असे मानणे मला रास्त वाटते.

मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांचा समूह मात्र वेगळ्या तोलाचा आहे. येथे सहा वीरगळ असून 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्यांचे चौकटीगणिक वर्णन आले आहे. जमिनीवरच्या लढाईबरोबरच वल्ह्यांच्या नौकांची रांग आणि नौकांवरून चाललेले युद्ध त्यांवर कोरलेले असल्यामुळे मध्ययुगीन आरमाराचे हे दुर्मिळ चित्रण ठरते. अनेक अभ्यासक या शिल्पांचा संबंध देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात इसवी सन 1265 च्या सुमारास झालेल्या संघर्षाशी जोडतात. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे म्हटले आहे, त्यामुळे या तर्काला बळ मिळते. तरीही वीरांची नावे किंवा शक सांगणारा, वाचता येईल असा लेख शिळांवर नसल्याने तो तर्कच राहतो, आणि याहून जुना काळ सुचवणारेही अभ्यासक होऊन गेले आहेत.

वीरगळांच्या जवळच पुष्कळदा सतीशिळा असते. कोपरात दुमडून वर उचललेला, बांगड्या भरलेला हात ही तिची खूण. बहुतेक सतीशिळांवर त्या स्त्रीचे नावही नसते, आणि गौरवाच्या भाषेत बोलताना एवढी एक गोष्ट तरी विसरली जाऊ नये.

तिसरा प्रकार गधेगळाचा. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे शिल्प, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. दिलेले दान मोडणाऱ्याला उद्देशून ही शिवी कोरलेली असते, आणि ती चित्रात असल्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही अचूक कळत असे. शिष्टाचाराच्या दृष्टीने ते अश्लील वाटते खरे, पण जमिनीच्या हक्काला संरक्षण देण्याची ही त्या काळची जाहीर व्यवस्था होती. अलिबागजवळच्या आक्षी येथील लेख असाच गधेगळावर आहे. त्याचा शक 934, म्हणजे इसवी सन 1012, असा वाचला गेल्यामुळे तो आद्य मराठी शिलालेखांत गणला जातो; या वाचनाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

या सर्व शिळांच्या बाबतीत दगडावरच्या शिल्पाइतकाच महत्त्वाचा असतो तो दगड जिथे उभा आहे ती जागा. दान दिलेल्या जमिनीशी गधेगळाचा संबंध असे, त्यामुळे तो हलला की त्या जमिनीचा माग लावणे कठीण होते. मुंबईतल्या परळ येथे सापडलेली शिलाहार राजा अपरादित्याच्या काळातील शिळा आज मूळ जागी नाही. तिच्यावरच्या संस्कृत दानलेखाअखेरीस मराठीत कोरलेली शापवाणी मात्र टिकली, कारण लेख स्वतःच बोलतो. लेख नसलेल्या शेकडो वीरगळांना ही सोय नाही. रस्ता रुंद होताना ते बाजूला सरकवले जातात, मंदिराच्या जीर्णोद्धारात त्यांची तळाची चौकट फरशीखाली गाडली जाते आणि प्रेमापोटी चढवलेल्या तैलरंगाखाली शस्त्रे, केशरचना, नेसूचे वस्त्र हे काळ ठरवण्याचे तपशील बुजून जातात.

म्हणून शिळा हलवणे अपरिहार्य असेल, तर त्याआधी तिचे चारही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, तिचे तोंड कोणत्या दिशेला होते आणि शेजारी कोणत्या शिळा होत्या हे लिहून ठेवावे, आणि गावकरी तिला वेताळ म्हणत असोत की म्हसोबा, ते नावही त्या नोंदीत असावे.