आधी उंची, मग बेसिन

नमस्कार श्रोतेहो. ज्यांच्या घरी बाथरूमचं काम निघालंय, त्यांनी आज पाच मिनिटं रेडिओजवळ बसा. आधी उंची मोजायची, मग बेसिन बघायचं. हे मला आमच्या आत्याबाईंनी शिकवलं.

मी पुण्याच्या बोहरी आळीत गेले होते साध्या अँगल कॉकसाठी, म्हणजे बेसिनखाली भिंतीत बसतो त्या छोट्या नळासाठी. परत आले टेबल टॉप बेसिन घेऊन! पांढरंशुभ्र, वाडग्यासारखं, ओट्यावर नुसतं ठेवायचं. गवंड्यानं ओटा 32 इंचांवर बांधून ग्रॅनाइटही बसवून टाकलं होतं. प्लंबरनं बेसिन ठेवलं, जुनाच पिलर कॉक, म्हणजे ओट्यावर उभा बसणारा बुटका नळ लावला, आणि बघतो तर काय, नळाची तोटी बेसिनच्या काठाच्या खाली! तो माझ्याकडे बघतोय, मी नळाकडे. मग उंच नळ आणला. त्याचे पैसे हिशेबात नव्हतेच.

संध्याकाळी आत्याबाई तोंड धुवायला गेल्या. उंची चार फूट नऊ इंच. ओटा 32, त्यावर बेसिन 6, म्हणजे काठ गेला 38 इंचांवर, त्यांच्या कोपराच्याही वर. ओंजळ धरली की पाणी मनगटावरून ओघळत थेट पोलक्याच्या बाहीत. बाहेर आल्या, बाही पिळली आणि म्हणाल्या, "बेसिन छान आहे हो. शिडी कधी आणतेस?" दुसऱ्या दिवसापासून जेवणाचा पाट बेसिनपुढे. चार महिने तो तिथंच होता. शेवटी ग्रॅनाइट उचकटून ओटा 26 इंचांवर घेतला. उचकटताना एक कोपरा तुटला, तो अजून तसाच आहे.

म्हणून पुन्हा सांगते, आधी उंची, मग बेसिन. काठ जमिनीपासून साधारण 32 इंचांवर हवा. टेबल टॉप घ्यायचं, तर ओटा तेवढा खाली.

आणि हो, जेवायच्या टेबलाशेजारी बेसिन लावायची ही काय पद्धत? आपण आमटी-भात कालवतोय आणि शेजारी कुणीतरी खळाखळा चूळ भरतंय! असो.

आता खर्च. बेसिनची किंमत म्हणजे सगळा खर्च नव्हे. बेसिनच्या भोकात बसणारं वेस्ट कपलिंग, त्याखालचा वास अडवणारा बॉटल ट्रॅप, नळाला पाणी आणणारा कनेक्शन पाइप, अँगल कॉक, वर प्लंबरची मजुरी, हे सगळं आधी कागदावर मांडा. भाव 18 टक्के जीएसटी धरून आहे का, तेही विचारून घ्या. काटकसर करायचीच तर बेसिनमध्ये करा, नळात नको. नळ हातात घेऊन बघा, पितळेचा असेल तर जड लागतो. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर काळ्या नळाच्या मोहात पडू नका, क्षाराचे पांढरे डाग आठवड्यात दिसतात. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून निघते ना, तेवढं दुकानातच बघून घ्या. धार बारीक झाली की जाळी काढायची, लिंबाच्या रसात तासभर बुडवायची, जुन्या ब्रशनं घासून परत बसवायची. नमस्कार.