लाल टोपण, केशरी टोपण

नमस्कार श्रोतेहो.

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर त्या बाटलीवर आणि सिरिंजवर एक आकडा छापलेला असतो, ४० किंवा १००. आज मला त्या आकड्याविषयी बोलायचं आहे.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बऱ्याचदा यू-४० असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. यू-१०० बाटल्याही मिळतात आणि इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पेनात बसणाऱ्या औषधाच्या नळीत, साधारणपणे हेच १००चं इन्सुलिन असतं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. ४०ची लाल टोपणाची, १००ची केशरी टोपणाची. पण टोपण काढल्याशिवाय औषध भरता येत नाही. म्हणजे ज्या क्षणी रंग हवा, नेमका त्याच क्षणी तो बाजूला पडलेला असतो, आणि हातात उरते बारीक रेघांची एक पारदर्शक नळी.

डॉक्टरांनी २० युनिट सांगितलेत असं समजा. बाटली ४०ची आहे, पण मेडिकलवाल्याने केशरी टोपणाची सिरिंज दिली. २०च्या रेघेपर्यंत भरलं, तर पोटात जातात फक्त ८ युनिट. साखर चढत राहते आणि पथ्य मोडल्याचा ठपका आजोबांवर येतो. याच्या उलट, १००चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत घेतलं, तर जातात ५० युनिट, सांगितल्याच्या अडीचपट. साखर फार उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. दोन्ही वेळी इंजेक्शन देणाऱ्याने रेघ अगदी बरोबर पाहिलेली असते.

मग घरात पहिला प्रश्न येतो, ‘नीट बघायला नको का?’ मला हा प्रश्न फार अन्यायाचा वाटतो. मधुमेहाने ज्यांची नजर अधू झाली आहे, त्यांच्या हाती आपण ही बारीक रेघांची नळी देतो आणि लाल-केशरीतला फरक ओळखा म्हणतो.

वैद्यकीय उपकरणं माणसाचे डोळे, हात आणि थकवा लक्षात घेऊन घडवायची, हा विचार भूलशास्त्रात बराच आधी रुजला. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेफ्री कूपर नावाचे इंजिनिअर होते. भूल देताना कुठे घात झाला, किंवा होता होता टळला, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूलतज्ज्ञांनाच बसवून विचारलं. १९७८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. टाळता आले असते असे ३५९ प्रसंग त्यात होते. त्यांतल्या ८२ टक्के प्रसंगांत माणसाची चूक होती, आणि यंत्र उघडपणे बिघडल्याचे होते जेमतेम १४ टक्के. एवढ्यावर ‘डॉक्टर बेफिकीर आहेत’ असं म्हणून विषय संपवता आला असता. पण चुका ठरावीक जागीच होत होत्या. श्वासाची नळी निसटायची, गॅसचा प्रवाह नकळत बदलायचा, औषधांच्या सिरिंजांची अदलाबदल व्हायची. अनुभवी माणसं त्याच त्या जागी चुकत असतील, तर ती जागा दुरुस्त करायला हवी.

ती कशी करतात, हे भुलीच्या यंत्रावर बघायला मिळतं. ऑक्सिजनचा नॉब इतर नॉबांपेक्षा मोठा, जरा पुढे आलेला आणि खोल खाचांचा असतो. डॉक्टरांची नजर पेशंटवर असली तरी बोटांना तो कळतो. सिलिंडरची सोय त्याहून पक्की. छोट्या सिलिंडरच्या तोंडाशी दोन भोकं असतात आणि यंत्रावर त्यांत बसणाऱ्या दोन पिना. प्रत्येक गॅससाठी या जोडीची जागा वेगळी. ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे भुलीच्या गॅसचा, सिलिंडर लावायला गेलात, तर तो बसतच नाही. १९५०च्या दशकापासून ही पद्धत चालत आली आहे. पिन तुटली किंवा कुणी जास्तीचा वॉशर घातला तर तीही फसते, म्हणून तपासणी लागतेच. तरी नुसत्या रंगापेक्षा तिचा भरवसा कितीतरी जास्त. सिलिंडरचे रंगसुद्धा सगळीकडे सारखे नाहीत. आपला ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, पांढऱ्या खांद्याचा. अमेरिकेत तो हिरवा.

इन्सुलिनच्या बाटलीला अशी पिन नाही. कुठलीही सुई कुठल्याही बाटलीच्या रबरात शिरते. त्यावरचा उपाय म्हणजे देशभर एकच तीव्रता ठेवायची. ब्रिटनने १९८३ साली तसं केलं आणि सगळं इन्सुलिन १००चं झालं. आपल्याकडेही हे व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बदलाच्या काळात जुन्या-नव्याची सरमिसळ होईल, ती धोक्याची असेल, म्हणून तयारी मोठी लागेल. पण दोन्ही प्रकार कायमचे शेजारी शेजारी ठेवण्यात तो धोका रोजचाच आहे.

तोपर्यंत सिरिंज घेताना टोपणाच्या रंगावर विसंबू नका. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा काउंटरवरच जुळवून घ्या. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध कधीही ओढू नका.

उपकरणामुळे कुणाला इजा झाली, किंवा होता होता टळली, तर ते कळवता येतं. त्यासाठी २०१५ पासून भारतात मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे. गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन तो बघतं. कळवताना ‘सिस्टरांची चूक’ एवढंच लिहून थांबू नका. उपकरण कोणतं होतं, त्यावर काय छापलं होतं, खोलीत उजेड किती होता, शेजारी त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं काय ठेवलं होतं, हे सगळं लिहा.