इडा कामिन्स्का : नातू, आजी आणि बटणांचं दुकान

(चित्रपट आणि अभिवाचनाच्या कार्यक्रमाआधी दिलेलं व्याख्यान, संपादित)

आज पडद्यावर जी बाई दिसणार आहे, ती मुळात सिनेमाची नव्हेच. इडा कामिन्स्का रंगभूमीवर जन्मली म्हणायला हरकत नाही. १८९९ साली ओडेसात तिचा जन्म झाला. वडील नाटक कंपनीचे चालक, आणि आई एस्तेर राखेल कामिन्स्का म्हणजे यिडिश रंगभूमीची आईच, असं त्या काळी लोक म्हणत. या आईची गाजलेली भूमिका मिरेले एफ्रोसची. १९१२ साली त्याच नावाच्या या नाटकाचा मूकपट निघाला, त्यात आई मिरेले झाली आणि इडा तिचा नातू श्लोयमेले. पुढे इडाने स्वतः मिरेले केली, अनेक वर्षं केली. नातवापासून आजीपर्यंत एकाच नाटकातला हा प्रवास आहे.

आधी भाषेचा एक घोटाळा दूर करू. यिडिश म्हणजे हिब्रू नव्हे. लिपी हिब्रू, पण घडण जर्मन वळणाची, आणि बोलणारे पूर्व युरोपातले ज्यू. आपल्या कोकणातल्या ज्यूंचा, म्हणजे बेने इस्राएल मंडळींचा, यिडिशशी संबंध नाही, त्यांची बोली मराठी. यिडिशला तिचे लोक लाडाने ‘मामे-लोशन’ म्हणतात, म्हणजे आईची भाषा. आणि इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांनी तिथे मराठी नियतकालिक काढलं, त्याचं नाव ‘मायबोली’. दोघांना एकच शब्द सुचावा, हे मला फार आवडतं. नावांतला ‘ले’ हा लाडाचा प्रत्यय आहे. मोठी, करारी शेठाणी, पण नाव मिरेले. आज या नाटकातला प्रवेश वाचणाऱ्यांनी तो ‘ले’ गिळू नये.

‘मिरेले एफ्रोस’ यिडिश नाटककार जेकब गॉर्डिनने लिहिलं आणि १८९८ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलं. त्याआधी, १८९२ मध्ये, त्याने शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’वरून ‘ज्यू राजा लिअर’ लिहिलं होतं. ‘मिरेले’ हे त्याच नाटकाचं बाईच्या अंगाने केलेलं रूप. नवऱ्यामागे बुडता धंदा सावरणारी विधवा सगळा कारभार मुलांच्या हाती देते, आणि सून शेइंडेले तिला तिच्याच घरात परकी करते. ‘नटसम्राट’ पाहिलेल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. तोही लिअरच्याच कुळातला. फरक मात्र मोठा आहे. बेलवलकर कोसळतात, तसे प्रेक्षकही कोसळतात. मिरेले कोसळत नाही. ती घर सोडून जुन्या कारभाऱ्याकडे राहते, वर्षं जातात, आणि तेरा वर्षांचा झालेला नातू तिला आपल्या बार मित्स्वाला, म्हणजे ज्यू मुलगा धर्माच्या दृष्टीने जाणता होतो त्या विधीला, न्यायला येतो. म्हणून वाचनात रडका सूर लावला की नाटक मोडतं. तिसऱ्या अंकात ती घर सोडते तो प्रवेश आपण घेतला आहे. मिरेलेच्या वाक्यांवर हिशेब सांगितल्यासारखा सपाट स्वर ठेवायचा. भावना शेइंडेलेच्या घाईत दिसू द्यावी. मराठीत ‘सासूबाई’ हे संबोधन सुनेच्या तोंडी सहज बसतं. मात्र ते प्रत्येक वाक्याला नको, तीन-चारदाच, आणि शेवटच्या वेळी गाळावं.

आता चित्रपटाकडे येण्याआधी मधली वर्षं थोडक्यात. १९३९ मध्ये इडा पोलंडमधून सोव्हिएत भागात गेली आणि वाचली. युद्धाआधी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू होते, त्यांतले सुमारे ३० लाख मारले गेले. तिचा प्रेक्षकच नाहीसा झाला. तरीही ती परतली, आणि सरकारी ज्यू नाट्यगृहाची प्रमुख झाली. नाटक यिडिशमध्ये आणि समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना यिडिश येत नाही. म्हणून कानाला इअरफोन लावून पोलिश भाषांतर ऐकवायची सोय होती. ज्यांनी असा प्रयोग कधी चालवला असेल त्यांना यातली गोम कळेल: भाषांतर नेहमी थोडं मागे असतं, त्यामुळे हशा दोनदा येतो, आधी भाषा जाणणाऱ्यांचा, मग उरलेल्यांचा. नटाने पहिल्या हशावर पुढचं वाक्य टाकलं तर दुसरा हशा ते खाऊन टाकतो. दोन्हीसाठी थांबला तर प्रवेश सैल पडतो.

अशा प्रेक्षागृहातून आलेली बाई पासष्टीच्या उंबरठ्यावर कॅमेऱ्यासमोर एका बहिऱ्या म्हातारीच्या भूमिकेत उभी राहते. ‘ओबखोद ना कोर्झे’, म्हणजे मुख्य रस्त्यावरचं दुकान. यान कादार आणि एल्मार क्लोस यांचा १९६५चा चित्रपट. काळ १९४२, नाझींच्या कलाने चालणारं स्लोव्हाक राज्य. ज्यूंची दुकानं ‘आर्य’ माणसांच्या ताब्यात द्यायचा कायदा आहे, आणि साधा सुतार टोनो ब्रत्को याला साडूच्या मेहेरबानीने विधवा लाउटमानोवाचं बटणांचं दुकान मिळतं. दुकानात काही उरलेलंच नाही. म्हातारी ज्यू समाजाच्या मदतीवर जगते. टोनो सांगायला येतो की आता मालक मी. तिला ऐकू येत नाही. शेवटी तिच्या मनात पक्कं बसतं की हा मदतीला आलेला माणूस आहे.

ऐकू न येणारं पात्र करताना नवखा नट कानामागे हात नेतो आणि ओरडून बोलतो. म्हणजे तो ‘बहिरेपण’ दाखवतो. कामिन्स्काचा भर ऐकण्याच्या धडपडीवर नाही, आपल्याला समजलंच आहे या खात्रीवर आहे. बऱ्याच वर्षांची कमी ऐकणारी माणसं असंच करतात: अर्धं ऐकतात, उरलेलं जुळवतात, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर प्रसन्नपणे देऊन टाकतात. विनोद तिथे येतो, आणि पुढे भीतीही त्याच वाटेने येते. टोनोचं काम करणारा योझेफ क्रोनेर तिच्या प्रत्येक चुकीच्या उत्तरासमोर एक पाऊल मागे सरतो. दोघांना एकाच चौकटीत बघा, फक्त तिच्याकडे बघू नका. कान चित्रपट महोत्सवात दोघांचाही विशेष उल्लेख झाला, तो उगाच नव्हे. चित्रपटाला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. अमेरिकेत तो पुढच्या वर्षी झळकला, म्हणून इडाचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन त्याच्या पुढच्या समारंभात आलं. त्या वर्षी बक्षीस एलिझाबेथ टेलरला गेलं.

शनिवारचा एक प्रसंग नीट बघा. टोनो दुकान उघडायला येतो, म्हातारी अस्वस्थ, कारण शब्बाथ, ज्यूंचा काम न करण्याचा दिवस. कोकणातल्या बेने इस्राएलांना गाव ‘शनवार तेली’ म्हणायचं, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून. आपला कार्यक्रमही शनिवारी आहे. म्हणून तो अंधार पडल्यावर, तीन तारे दिसून शब्बाथ संपल्यावर, सुरू करतो आहोत.

तंत्राचं एक. आवाजाची पातळी सुरुवातीच्या दुकानातल्या प्रसंगांवरून ठरवलेली नको. शेवटाकडे चौकातला ध्वनिक्षेपक आहे, आणि झ्देनेक लिश्काच्या संगीतात पितळी वाद्यांचा बँड आहे. सुरुवातीला कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज चढवला, तर शेवटी तो कानात बसतो आणि चौकात नावं पुकारली जातात त्याचा धाक नुसता गोंगाट होऊन जातो. आधी चौकाचा भाग लावून पातळी ठरवा, मग मागे या. शेवट मी सांगत नाही.

एवढंच, की १९६७ मध्ये इडाने न्यूयॉर्कमध्ये पुन्हा ‘मिरेले एफ्रोस’ केलं, जोडीला ब्रेख्तचं ‘मदर करेज’. पुढच्याच वर्षी पोलंडमध्ये सरकारी ज्यूविरोधी मोहीम पेटली आणि तिने देश सोडला. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती वारली. वॉर्साच्या त्या सरकारी ज्यू नाट्यगृहाला आज आई आणि मुलगी, दोघींचं नाव आहे.

वाचन वीस मिनिटांचं, नंतर पाच मिनिटं थांबू. चित्रपट दोन तासांहून थोडा मोठा आहे आणि मध्यंतर ठेवलेलं नाही. पाणी आत्ताच पिऊन घ्या.