पैसे मोजून घेतलेला शॉक

नमस्कार, श्रोतेहो.

विजेचा शॉक बसला की आपण हात झटकतो, वायरमनला फोन करतो आणि पुढचे चार दिवस त्या बटणाकडे संशयानं बघतो. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मात्र माणसं खिशातलं नाणं मोजून हौसेनं शॉक घेत होती. त्यासाठी खास यंत्रं होती. आज ती जमवणारे लोक आहेत, आणि त्यांना फसवणारेही आहेत. आजचं बोलणं या यंत्रांबद्दल, आणि खरं यंत्र ओळखायचं कसं याबद्दल.

रेल्वे स्टेशनवरचं वजनाचं यंत्र आठवतंय ना? लुकलुकणारे दिवे, फिरणारी चकती, आणि नाणं टाकलं की खटकन बाहेर येणारं, मागे भविष्य छापलेलं जाड तिकीट. त्याच कुळातलं हे एक चक्रम भावंड. ओक लाकडाची किंवा ओतीव बिडाची पेटी, समोर निकेलचा मुलामा दिलेल्या दोन मुठी, वर तबकडी आणि काटा. नाणं टाकायचं, दोन्ही मुठी घट्ट धरायच्या आणि त्यातली एक हळूहळू फिरवायची किंवा ओढायची. आतून गुणगुण ऐकू येते, मनगटात मुंग्या येतात, मग कोपरापर्यंत. काटा चढत जातो. मित्र बाजूला उभे राहून चिडवत असतात. किती सहन होतं, एवढाच खेळ.

ती गुणगुण कसली? शाळेत विजेची घंटा करून पाहिली असेल तर तिचं अर्धं यंत्र तुम्हाला ठाऊक आहे. सेलमधून प्रवाह सुरू झाला की लोखंडी गाभा चुंबक होतो आणि पोलादी पट्टी ओढून घेतो. पट्टी सरकली की प्रवाह तुटतो, ती परत मागे येते आणि प्रवाह पुन्हा जोडला जातो. हे सेकंदाला कितीतरी वेळा चालतं. घंटेत या धडपडीतून ठोका पडतो. इथं त्या गाभ्यावर बारीक तारेच्या हजारो वेढ्यांची दुसरी गुंडाळी असते. पहिल्या गुंडाळीतला प्रवाह तुटला की दुसरीत विजेचा मोठा दाब निर्माण होतो आणि तो मुठींवाटे आपल्या हातात येतो. दीड-तीन व्होल्टच्या सेलवर माणूस नाचतो तो असा. प्रवर्तनाचं हे तत्त्व फॅरडेनं १८३१ साली दाखवलं आणि १८३६ साली आयर्लंडमधल्या मेनूथच्या निकोलस कॅलन या पाद्रीबाबांनी अशी गुंडाळी बनवली. शॉक कमी-जास्त करायची युक्तीही साधी: गाभा आणि गुंडाळी यांच्यामध्ये पितळी नळी सरकवायची. नळी आत असली की झटका सौम्य, बाहेर काढत जाल तसा तिखट. अनेक यंत्रांत मूठ फिरवताना ही नळीच सरकत असते.

दुसऱ्याला शॉक बसताना बघायची हौस याहून बरीच जुनी. १७४६ साली फ्रान्समध्ये आबे नोले या धर्मगुरू-शास्त्रज्ञानं राजा पंधराव्या लुईसमोर १८० शिपायांची साखळी करून तिच्यातून वीज सोडली होती. सगळे शिपाई एकाच क्षणी उडाले. राजाची करमणूक झाली. शिपायांचं मत कुणी विचारलं नसावं. पण नाण्याच्या यंत्रांमागे करमणुकीच्या जोडीला औषधाचा दावाही होता. अनेक यंत्रांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे: वीज हेच जीवन. खाली संधिवात, डोकेदुखी, नसांचे विकार अशी यादी. हे त्या काळाला धरूनच होतं. डेव्हिस आणि किडर यांची, हातानं दांडा फिरवून झटका द्यायची लाकडी पेटी १८५४ च्या पेटंटची, आणि तिच्या लेबलावर ‘नसांच्या विकारांसाठी’ असं चक्क छापलेलं असे. टपालानं माल विकणाऱ्या सिअर्स रोबक या अमेरिकन कंपनीच्या १९०२ सालच्या कॅटलॉगमध्ये कमरेला बांधायचा विजेचा पट्टा विकायला होता. अमेरिकेत १९०६ साली औषधांबाबत कायदा झाला खरा, पण अशी उपकरणं त्याच्या कचाट्यात आली ती १९३८ च्या कायद्यानंतर. तोवर वाट्टेल ते छापायला रान मोकळं होतं.

ही यंत्रं असत पेनी आर्केडमध्ये, म्हणजे एका नाण्यात एक गंमत देणाऱ्या दालनात. मुठीची ताकद मोजा, भविष्य काढा, भिंगातून हलती चित्रं बघा आणि शॉक घ्या. न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर असं एक मोठं दालन चालवणाऱ्यांमध्ये ॲडॉल्फ झुकॉर हे एक होते. पॅरामाउंट ही सिनेमा कंपनी उभी करणारे तेच. बनवणाऱ्यांत शिकागोची मिल्स नॉव्हेल्टी कंपनी सगळ्यात नावाजलेली. तिचं ‘फायरफ्लाय’ नावाचं शॉकयंत्र संग्राहकांचं लाडकं आहे. नाव मात्र मिष्कील: काजवा.

आता ओळखण्याकडे येऊ. माझं सरळ मत सांगतो: या यंत्राच्या दर्शनी भागावर विश्वास ठेवूच नका. तो तेव्हाही खोटं बोलत होता, औषध म्हणून. आज तो वयाबद्दल खोटं बोलू शकतो. चकचकीत निकेल, ताजं वॉर्निश आणि ‘वीज हेच जीवन’ची पाटी हे सगळं नवं करून मिळतं. मागचं दार उघडा. विकणारा उघडू देत नसेल तर नमस्कार करून निघा.

पहिल्यांदा स्क्रू. फुलीच्या डोक्याचे, म्हणजे फिलिप्स स्क्रू, कारखान्यांत आले १९३० च्या दशकाच्या मध्यावर. १९१० चं म्हणून सांगितलेल्या यंत्राची गुंडाळीच फुलीच्या स्क्रूंनी बसवलेली असेल, तर काय ते समजा. एखादाच असा स्क्रू असेल तर घाई नको. मध्ये कधीतरी कुणी दुरुस्ती केली असेल. तिथं स्क्रूच्या डोक्याखालचं लाकूड बघा. जुन्या, सपाट खाचेच्या मोठ्या स्क्रूचा गोल ठसा अजून दिसत असतो. मग तारा. जुन्या तारांवर सुती किंवा रेशमी धाग्याचं आवरण असतं, बोटानं चोळलं तर त्याचा भुगा सुटतो. प्लॅस्टिकची गुळगुळीत लाल-काळी वायर असली तर ती नंतरची.

आणि माझी सगळ्यात आवडती खूण पेटीच्या तळाशी सापडते. या यंत्रांत सहा नंबरचा कोरडा सेल असे: दीड व्होल्टचा, सहा इंच उंच, अडीच इंच व्यासाचा दंडगोल. अशा उंचीचा सेल अमेरिकेत १८९६ पासून ‘कोलंबिया’ या नावानं मिळू लागला. तो संपला, तसाच विसरला गेला, की गळतो. आतला नवसागर लाकडात मुरतो आणि तळाशी एक वर्तुळ उमटतं, कडेनं पांढरट-हिरवं, मध्ये काळपट. पट्टी लावा. अडीच इंचाच्या आसपास भरलं तर इथं वर्षानुवर्षं सेल उभा होता. असलं वर्तुळ मुद्दाम घडवायचं म्हटलं तर खटाटोप फार आणि त्याला दाम कुणी देत नाही, म्हणून नकली माल करणारे त्या वाटेला सहसा जात नाहीत.

झीज कुठं आहे तेही महत्त्वाचं. माणूस मूठ धरतो तेव्हा तळव्याकडची बाजू घासते. तिथलं निकेल उडून खालचं पिवळं पितळ दिसायला हवं आणि वरच्या बाजूला मुलामा शाबूत हवा. सगळीकडून सारखी झिजलेली मूठ म्हणजे कुणीतरी पॉलिश पेपर मारलाय.

नाण्याची खाच मापा. अमेरिकन सेंट एकोणीस मिलिमीटरचा, तर इंग्लंडचा जुना पेनी जवळजवळ एकतीसचा, ढब्बू. खाच मोठी असली की लोक लगेच इंग्लंड म्हणतात, पण फ्रान्सचं काशाचं दहा सेंटिमचं नाणंही तीस मिलिमीटरचं होतं. तेव्हा पाटीवरची भाषाही वाचा. इंग्लंडमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान नाणी आली, जुना पेनी त्याच वर्षी बाद झाला, आणि पेनीवर चालणारी जुनी यंत्रं अडचणीत आली. म्हणून तिथल्या यंत्रांत खाच नंतर बदललेली दिसली तरी ती फसवणूक असेलच असं नाही. बदल सांगून विकला तर तो इतिहास आहे, लपवला तर लबाडी.

आपण यात हसायचं कारण नाही. चकचकीत पितळी कर्ण्याचे, सुटे भाग जोडून केलेले ‘जुने’ ग्रामोफोन आपल्या देशातून जगभर गेलेत आणि परदेशी संग्राहकांमध्ये त्यांची चांगलीच बदनामी आहे. मुंबईच्या मटण स्ट्रीटवर, चोरबाजारात, जुन्या वस्तू बघत हिंडणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. असं यंत्र हाती आलं आणि त्याला भिंतीत लावायची पिन असली, तर ती लावू नका. सेलवरची काही यंत्रं नंतर कुणीतरी ट्रान्सफॉर्मर बसवून घरच्या विजेवर आणलेली असतात. अमेरिकेतला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टच्या हिशेबाचा, आपल्याकडे २३०. त्यात शंभर वर्षांचं कुजकं आवरण. आणि दोन मुठी दोन हातांत म्हणजे प्रवाहाची वाट एका हातातून छातीवरून दुसऱ्या हातात. आवरण फुटलं तर मूठ सोडावी म्हटलं तरी स्नायू आखडतात आणि सुटत नाही. यंत्र चालवायचंच तर कोरड्या सेलवर, तेही जाणकाराकडून तपासून. हृदयाचा त्रास असलेल्यांनी, पेसमेकर बसवलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि मुलांनी सेलवरच्यालाही हात लावू नये. शोभेला ठेवलं तरी त्याचं मोल कमी होत नाही.

संग्रह सुरू करायचा तर नाण्याच्या यंत्राच्या मागे लागण्याआधी ती डेव्हिस-किडरची दांड्याची औषधी पेटी बघा, असं मी सुचवेन. ती मोठ्या संख्येनं बनली, टेबलावर मावते, तिला सेल लागत नाही आणि झाकणाच्या आत कागदी लेबल असेल तर ओळख पटवायला फार खटपट नाही. नाणेयंत्रं अवजड असतात. बिडाची पेटी जहाजानं मागवायची तर भाडंच डोळे पांढरे करतं.

आणि नुसतं बघायचं असेल तर? आपल्याकडचे कितीतरी आईवडील मुलांकडे कॅलिफोर्नियाला जातात. सॅन फ्रान्सिस्कोला फिशरमन्स वॉर्फवर, पंचेचाळीस नंबरच्या धक्क्यावर, म्युझे मेकानिक नावाचं संग्रहालय आहे. तीनशेहून अधिक जुनी नाणेयंत्रं, बहुतेक चालू स्थितीत, आत जायला तिकीट नाही. मुलांकडून पंचवीस सेंटची नाणी मूठभर मागून न्या. फक्त कुठल्याही करमणूक दालनात ‘ॲडम्स फॅमिली’ या अमेरिकन विनोदी मालिकेतल्या फेस्टरकाकांचं शॉकयंत्र दिसलं तर ते जुनं समजू नका. त्याच्या मुठी नुसत्या थरथरतात, वीज हातात येतच नाही. खरी वीज घ्यायची खुमखुमी असेल त्यानं मेक्सिको सिटीत गारिबाल्दी चौक गाठावा. तिथं गळ्यात लहानशी पेटी अडकवलेले लोक गुत्त्यांतून फिरतात, टेबलावरच्या सगळ्यांना हात धरायला लावतात आणि बटण फिरवतात. जो आधी हात सोडेल तो हरला, आणि बऱ्याचदा बिलही त्याच्याच गळ्यात.

नमस्कार.