आढ्याच्या टोकावरचा राक्षस

जपानमधील एखाद्या जुन्या बौद्ध मंदिराच्या छपराकडे खालून पाहिले, की आढ्याच्या टोकाला डोळे वटारलेला, सुळे बाहेर काढलेला एक करडा चेहरा दिसतो. हा ओनिगावारा, म्हणजे राक्षसमुखी कौल. त्याचे मूळ काम अगदी व्यवहारी आहे: दोन पाख्या जिथे मिळतात त्या आढ्यावरील कौलांच्या थराचे उघडे टोक झाकायचे आणि पावसाचे पाणी आत शिरू द्यायचे नाही.

कौले भाजण्याची विद्या जपानला बौद्ध धर्माबरोबर मिळाली. इ. स. 588 मध्ये कोरियातील ‘पेकचे’ या राज्याने पाठवलेल्या कारागिरांत कौले घडवणारेही होते आणि आसुकादेरा हे मंदिर त्यांच्या साहाय्याने उभे राहिले. त्या काळी टोकाच्या कौलावर कमळ असे. उग्र मुद्रा आठव्या शतकात, नारा ही राजधानी असताना रूढ झाल्या; पण ते साच्यातून काढलेले, चपटे उठाव होते. शिंगे फुटलेला, गाल फुगवलेला राक्षस घडला तो पुढे मुरोमाची काळात (चौदावे ते सोळावे शतक), आणि माझ्या मते या कलेचा खरा बहर तोच. ज्याला भ्यायचे त्यालाच राखणीला बसवावे, म्हणजे बाहेरचे अरिष्ट घराकडे फिरकणार नाही, हा त्यामागचा विश्वास होता.

आइची प्रांतातील ताकाहामा शहरात हे चेहरे आजही हाताने घडवले जातात. त्या कारागिरांना ओनिशी म्हणतात. माती वाळताना आणि भाजताना आकसते, म्हणून चेहरा मुळात मोठाच घडवावा लागतो आणि तो तडकू नये म्हणून आतून पोकळ ठेवावा लागतो. भाजणीच्या शेवटी भट्टीत धूर कोंडला, की कार्बनचा पातळ थर बसून कौलाला रुपेरी करडी झळाळी येते.

राक्षसाच्या नजरेचा धाक शेजाऱ्यांनाही वाटत असे. क्योतोमध्ये अशी कथा सांगतात, की एका औषधविक्रेत्याने छपरावर मोठा ओनिगावारा बसवला आणि समोरच्या घरातील बाई आजारी पडली. तेव्हा त्या घराने राक्षसांचा कर्दनकाळ मानल्या जाणाऱ्या शोकी या चिनी वीराची मातीची मूर्ती छपरावर उभी केली आणि बाई बरी झाली. क्योतोच्या जुन्या घरांच्या पुढच्या छपरावर असे छोटे शोकी अजूनही दिसतात. समोरासमोरच्या दोन घरांवर शोकी असतील, तर त्यांची नजरानजर होऊ नये म्हणून एकाचे तोंड किंचित वळवून ठेवण्याची रीत आहे.