तीन चौकोन

(दृश्य: सतरंजीवर चौथीचं पाठ्यपुस्तक. खाकी कव्हर, कोपऱ्याला वरणाचा डाग. एक लहान बोट पान उलटतं.)

बालभारतीचं पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर तो दिसतो. काळ्या ठिपक्यांचा चौकोन. पुढे पाठापाठांतही भेटत राहतो. पुस्तकात त्याच्याबद्दल एक सूचना छापलेली असते, खास सरकारी मराठीतली. कोड स्कॅन केलात तर अध्ययन-अध्यापनासाठी उपयुक्त दृक्‌श्राव्य साहित्य उपलब्ध होईल, असा तिचा मतलब. चौथीतल्या मुलीला यातला ‘साहित्य’ हा शब्द तेवढा ओळखीचा, तोही आईच्या रेसिपीच्या व्हिडिओतून. पण करायचं काय ते तिला पक्कं ठाऊक आहे.

तिला मोबाईल हवाय. मोबाईल पप्पांच्या खिशात आहे आणि पप्पा अजून घरी आलेले नाहीत.

ते येईपर्यंत आपण या चौकोनाकडे जरा जवळून बघू.

(दृश्य: कोड पडदाभर. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन एकेक करून उजळतात.)

क्यूआर कोड शाळेसाठी जन्मला नाही, आणि भाजीवाल्यासाठी तर मुळीच नाही. तो 1994 साली जपानमध्ये तयार झाला, मोटारींच्या सुट्या भागांसाठी. डेन्सो ही टोयोटाच्या गोतावळ्यातली कंपनी. कारखान्यातल्या खोक्यांवर तेव्हा उभ्या रेघांचे बारकोड असत. एका बारकोडात मावणार जेमतेम वीसेक अक्षरं. माहिती वाढत गेली तसे एकेका खोक्यावर बारकोडही वाढत गेले आणि दिवसभर तेच स्कॅन करून कामगारांचे हात भरून यायला लागले. त्यांची कुरकुर मासाहिरो हारा या इंजिनिअरपर्यंत पोहोचली.

हारा जेवणाच्या सुट्टीत ‘गो’ खेळायचे. चौकटींचा पट, त्यावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या. बारकोड एकाच दिशेनं वाचला जातो; पटावर मात्र आडवी आणि उभी अशा दोन्ही अंगांनी माहिती मांडता येते. कल्पना तिथून आली, असं हारा सांगतात.

पण खरी अडचण पुढेच होती. छापलेल्या मजकुराच्या गर्दीत हा चौकोन नेमका कुठे आहे, हे यंत्राला कळायचं कसं? त्यासाठी छापील कागदांचा ढीग उपसला गेला. छपाईत काळ्या-पांढऱ्याचं कोणतं प्रमाण सगळ्यांत कमी वेळा येतं, ते शोधायचं होतं. सापडलं. काळं एक, पांढरं एक, काळं तीन, पांढरं एक, काळं एक.

(दृश्य: कोपऱ्यातल्या चौकोनाच्या मध्यावर फूटपट्टी. ती आडवी, उभी, तिरकी फिरते.)

कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनाच्या मध्यावर फूटपट्टी ठेवा. आडवी ठेवा नाहीतर तिरकी, प्रमाण तेच येतं. कॅमेरा हेच हुडकत असतो. असे चौकोन तीनच आहेत, चौथा कोपरा मोकळा ठेवलाय. त्यावरूनच वरची बाजू कोणती ते कळतं, म्हणून कोड उलटा धरला तरी वाचला जातो. आणि जन्म कारखान्यातला, तेव्हा तेल-ग्रीसचे डाग गृहीतच धरलेले. तीच माहिती वेगळ्या रूपात आत पुन्हा भरलेली असते. सगळ्यांत दणकट प्रकारच्या कोडचा 30 टक्क्यांपर्यंतचा भाग गेला तरी उरलेल्यातून गणित जुळतं.

तेव्हा वरणाच्या डागाची काळजी नसावी.

कंपनीकडे पेटंट होतं, पण वापरणाऱ्यांकडून तिनं पैसे मागितले नाहीत. जगातल्या कुठल्याही पुस्तकाला, कुठल्याही हातगाडीला हा चौकोन फुकटात लाभला तो त्यामुळे.

(दृश्य: सोलापूर जिल्ह्याचा नकाशा. माढा तालुक्यावर ठिपका.)

माढा तालुक्यातलं परितेवाडी. इथल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत 2009 साली रणजितसिंह डिसले नावाचे तरुण शिक्षक रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीला आलेली, शेजारी गुरांचा गोठा. पटावर मुली होत्या, पण त्यांच्या शिक्षणाची घरच्यांना फारशी ओढ नव्हती. आणखी एक पेच होता. पुस्तक मराठीत आणि बऱ्याच मुलींच्या घरात बोली कन्नड. सोलापूरकडच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तिकडे एका गल्लीत मराठी, कन्नड आणि तेलुगू सुखानं नांदतात. पहिलीतल्या पोरीचे मात्र यात हाल होतात. बाई काय म्हणतात ते कळत नाही, आणि कळलं नाही हे सांगायचं कुठल्या भाषेत, तेही कळत नाही.

डिसले सरांनी कन्नड शिकून घेतलं. पहिली ते चौथीची पुस्तकं नव्यानं मांडली आणि त्यांत क्यूआर कोड घातले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येणार, गोष्ट दिसणार, पाठ समजावणारा व्हिडिओ लागणार, आणि तेही त्या पोरींच्या कन्नडमधून.

2017 साली राज्य सरकारनं ही कल्पना उचलली आणि पाठ्यपुस्तकांत कोड आले. त्याच वर्षी 5 सप्टेंबरला, शिक्षकदिनी, केंद्राचं ‘दीक्षा’ हे शालेय साहित्याचं ऑनलाइन व्यासपीठ सुरू झालं. पुढच्या वर्षी केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीच्या पुस्तकांतही कोड येणार असं जाहीर झालं. 3 डिसेंबर 2020 ला डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

तेव्हापासून सगळीकडे ओळख एकच, क्यूआर कोडवाले गुरुजी. बरोबरच आहे म्हणा. पण एका वस्तीवरच्या शाळेतल्या मास्तरनं चार इयत्तांच्या पोरींसाठी दुसरी भाषा शिकायला जो वेळ घातला असेल, तो काही मथळ्यात मावत नाही. चौकोन छापायला छापखान्याला काय लागतं? पानावर एक चित्र जास्त. पलीकडे काय ठेवायचं, कुणाच्या बोलीत, कुणाच्या आवाजात, हे काम प्रत्येक शाळेत नव्यानं करावं लागतं.

(दृश्य: आठवडे बाजार. कोथिंबिरीच्या जुड्यांत खोचलेला प्लास्टिकचा कोड. छोट्या स्पीकरवरून रक्कम जाहीर होते.)

शाळेबाहेर या चौकोनाचा जम फार लवकर बसला. नोव्हेंबर 2016 च्या नोटबंदीनंतर सुट्ट्या पैशांची जी ओढाताण झाली, ती अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं होतं. आज रसवंतीवाल्याच्या काउंटरवर कोड आहे, केशकर्तनालयाच्या आरशावर आहे, देवळाच्या दानपेटीवरही आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये मुंबईची लोकल लसवंतांना खुली झाली, तेव्हा प्रवासाचा पास कोडवर आणि लसीच्या प्रमाणपत्रावरही कोड. सही, शिक्का, ओळखपत्र ही सगळी कामं या ठिपक्यांनी हळूहळू आपल्याकडे घेतली.

बाजारात त्याचं जमलं, कारण तिथं दोन्ही बाजूंना गरज होती आणि काम दहा सेकंदांचं होतं. शिकायला दहा सेकंद पुरत नाहीत.

(दृश्य: कुलूप लावलेला वर्ग. फळ्यावर मार्च 2020 मधली तारीख तशीच.)

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुस्तकातला कोड एकदम मुख्य दरवाजा झाला. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भारतात, घरात स्मार्टफोन असलेल्या शाळकरी मुलांचं प्रमाण 2018 मध्ये 36.5 टक्के होतं. 2020 मध्ये ते 61.8 टक्के झालं. दोन वर्षांत केवढी उडी. तरी दहातल्या चौघांच्या घरी फोन नव्हताच. ज्यांच्या घरी होता, त्यांतल्या पुष्कळांकडे तो एकच होता. सकाळी तो रानात जायचा, नाहीतर कामावर. संध्याकाळी परत यायचा तेव्हा बॅटरी टेकलेली असायची, नेटपॅक संपलेला असायचा. थोरला दहावीत, म्हणून पहिला हक्क त्याचा. मग मधली, मग धाकटी. धाकटीचा नंबर यायच्या आत तिला झोप लागलेली असायची.

नंतर फोन वाढले. ‘असर’च्याच 2024 च्या पाहणीत 14 ते 16 वयोगटातल्या ग्रामीण मुलांपैकी 82 टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासाच्या कुठल्यातरी कामासाठी तो हातात घेतलेली मुलं 57 टक्के होती. समाजमाध्यमांसाठी घेतलेली, 76 टक्के. म्हणजे दार उघडता आलं, पण त्या एकाच दारातून शाळाही दिसते आणि जत्राही. जत्रेकडे पाय वळले म्हणून चौदा वर्षांच्या पोराला काय बोलणार? आपण मोठ्यांनी तिथंच तर मुक्काम ठोकलाय.

(दृश्य: सांगली जिल्हा, कडेगाव तालुका. संध्याकाळ. भोंग्याचा आवाज.)

मोहित्यांचे वडगाव. ऊस पिकवणारं, साखर कारखान्यात कामाला जाणारं, तीनेक हजार वस्तीचं गाव. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा गावातल्या शिक्षकांच्या लक्षात आलं, की मुलांचं चित्त ठिकाणावर नाही. 14 ऑगस्ट 2022 ला गावसभेत ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून अमलात आलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, मुलं पुस्तकं घेऊन बसतात. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो, मग ज्याचं त्याला मोकळं.

भोंगा म्हणजेही तंत्रज्ञानच की. फक्त जुनं. त्याला ॲप नाही, पासवर्ड नाही, आणि तो एकट्याच्या कानात वाजत नाही. सगळ्या घरांना एकाच वेळी ऐकू येतो, म्हणून ‘शेजाऱ्याकडे चालू आहे, आम्हीच का बंद करायचा’ हा वाद मुळात उद्‌भवत नाही. सुरुवातीला गावात याची चेष्टाही झाली. भोंगा काही त्यामुळे थांबला नाही.

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं वाचनालय. लाकडी कपाटं. टेबलावर शाईचा पॅड आणि तारखेचा शिक्का.)

ही शांत दीड तासाची बैठक आपल्याकडे आधी कुठे मिळायची? वाचनालयात. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, म्हणजे पुण्या-मुंबईतल्या पुष्कळ नामवंत संस्थांच्या कितीतरी आधीचं. राज्यात ग्रंथालयांचा कायदा झाला 1967 मध्ये. मान्यताप्राप्त वाचनालयांचे वर्ग अ, ब, क, ड असे. ‘ड’ वर्गाचं वाचनालय म्हणजे बहुधा एक खोली, दोन कपाटं, चार वर्तमानपत्रं आणि संध्याकाळी कुलूप उघडणारा एक माणूस, ज्याच्या मानधनाबद्दल न बोललेलं बरं.

आता वाचनालयांतही बारकोड आले, पुस्तकांची यादी संगणकावर गेली. मराठी विश्वकोश बघायला कपाट उघडावं लागत नाही, तो फोनवर आहे, फुकट. तरीही तालुक्याच्या गावात वाचनालयाची अभ्यासिका सकाळपासून भरलेली दिसते. स्पर्धा परीक्षेची पोरं स्वतःची पुस्तकं आणतात, स्वतःचा मोबाईल आणतात. वाचनालयाकडून त्यांना हवी असते फक्त एक खुर्ची, डोक्यावर पंखा आणि घरी न मिळणारी शांतता.

(दृश्य: हाताळून मऊ झालेलं पान. कोडच्या खाली छापलेली सहा चिन्हं.)

आता एक गोष्ट, जी कारखान्यातल्या हारांच्या हातात नव्हती.

कोड फाटला, मळला तरी वाचला जातो. पण कोडमध्ये असतो फक्त पत्ता. पलीकडचा व्हिडिओ कुणी काढून टाकला, नाहीतर तो ठेवलेली साइटच बंद पडली, तर करकरीत कोडसुद्धा आपल्याला रिकाम्या घरी नेऊन सोडतो. आमच्या घरात एक जुनं गाईड आहे, त्यातल्या बहुतेक चौकोनांचं हेच झालंय. स्कॅन केलं की पांढरा पडदा. छापील ओळी तेवढ्या जशाच्या तशा. तीस टक्क्यांच्या नुकसानीची सोय ठिपक्यांमध्ये आहे. पलीकडचं घर झाडून-पुसून ठेवायची सोय कुठल्याच गणितात नाही. ते दरवर्षी कुणीतरी बसून करावं लागतं.

‘दीक्षा’च्या कोडखाली सहा चिन्हं छापलेली असतात. कॅमेरा चालत नसेल तर ती हातानं टाकायची. स्क्रीनला तडा गेलेल्या, लेन्सवर ओरखडे असलेल्या फोनचा विचार इथं कुणीतरी केलाय. मला ही सहा चिन्हं त्या चौकोनापेक्षा जास्त आवडतात.

(दृश्य: पुन्हा तीच सतरंजी. बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज.)

पप्पा आले.

“पप्पा, मोबाईल द्या की.”

“अगं, हात-पाय तरी धुऊ दे. चार्जिंग नाय बघ जास्त.”

बारा टक्के. चालतंय. ती कोडवर फोन धरते. कोडवर तिच्याच डोक्याची सावली पडते, म्हणून थोडी सरकून बसते. गोल फिरतं, थांबतं, पुन्हा फिरतं. मग कविता सुरू होते, पेटीवर, अनोळखी बाईंच्या आवाजात. ती पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून त्या आवाजामागून म्हणायला लागते. दारात टॉवेलनं तोंड पुसत पप्पा ऐकत उभे राहतात.

दुसऱ्या कडव्यावर फोन वाजतो. मुकादमाचा आहे. पप्पा तो उचलून ओट्यावर जातात.

तिचं बोट ओळीवर तसंच आहे. तिसरं कडवं ती एकटीच म्हणते. चाल थोडी चुकते.